कल्हईची तार

अख्खी बोट लाल होती. वरून नाही; वरून ती पांढरी, कडेने निळा पट्टा. आतून. मागच्या फळीखालचं झाकण काढून पुतणीने टॉर्च मारला तेव्हा लाल वायरींचं जाळं दिसलं. बॅटरीच्या प्लसला लाल, मायनसलाही लाल, पंपाला लाल, नाळेवरच्या दिव्याला लाल, स्पीकरला लाल.

"घराचं वायरिंग केलेलं तेव्हा लाल बंडलं उरली होती," काका म्हणाले. त्यांच्या मते विषय तिथेच संपला होता.

श्रावणातला दिवस. मालवणात दांडीच्या बाजूला होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, नारळी पौर्णिमेला दहा-बारा दिवस अवकाश. समोरचा सिंधुदुर्ग पावसात पुसला जायचा आणि पाच मिनिटांनी पुन्हा उमटायचा. मी आडोशाला म्हणून काकांच्या ताडपत्रीखाली शिरलो, माशांच्या एका पालथ्या क्रेटवर बसलो आणि दोन तास हललो नाही. त्यांची ही तीस फुटी फायबर बोट पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला, स्नॉर्केलिंगला आणि संध्याकाळी सूर्यास्त बघायला नेते. गेल्या हंगामात मीही तिच्यातून हिंडून आलो होतो, हे त्या झाकणाखाली बघितल्यावर मला जरा उशिराच आठवलं. पुतणी गोव्यात यॉटदुरुस्तीच्या यार्डात इलेक्ट्रिकचं काम करते. चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती आणि सुट्टी कशी घालवू नये याचं उदाहरण घालून देत होती. दोघं अर्थातच मालवणीत बोलत होती. मी ते माझ्या मराठीत उतरवलं आहे; तिखट थोडं कमी झालं असेल.

"काका, यातली मायनस कुठली?"

"ती. नाही, थांब." त्यांनी एक वायर ओढून पाहिली. टोकाला काय हलतं ते पाहिलं. "ही."

"कसं ओळखलंत?"

"मीच घातली ना."

"आणि बोटीवर तुम्ही नसाल तेव्हा?"

"मी नाही आणि बोट आहे, असं कधी असतं?"

यावर ती काही बोलली नाही. मला वाटलं हरली.

काकांचा मुद्दा मला तेव्हा पटत होता, हे कबूल करतो. ते म्हणाले, "आमच्या सुतारांनी कागदावर रेघ न मारता गलबतं बांधली. माप त्यांच्या हातात होतं. ती गलबतं पार मस्कतपर्यंत जाऊन आली. तुमचं सगळं कागदावर. कागद भिजला की संपलं."

"लाकूड दिसतं, काका. फळी कुजली तर बोट लावून कळतं, ठोकलं तर आवाज बदलतो. वायर आतून गेली की वरून नवरीसारखी असते."

"कुठे गेलीय? काढून बघ."

तिने पंपाच्या वायरचं टोक कापलं, साल सोलली. आतलं तांबं काळंठिक्कर. वीतभर मागे जाऊन पुन्हा कापलं. काळं. हातभर मागे. अजून काळं, फक्त मध्ये एखादी तार लालसर. काकांनी ती हातात घेऊन वाकवली तेव्हा चारदोन तारा कोरड्या काडीसारख्या मोडल्या.

समईची वात तेल ओढते तशी वायर खारं पाणी ओढते, हे मला तिथे कळलं. बारीक बारीक तारांमधल्या फटींतून ओल सालीच्या आतल्या आत चढत जाते. वरची साल कोरडी, चकचकीत, आयएसआयचा छाप शाबूत.

"यावर उपाय काय, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "काकी तांब्याच्या हंड्याला काय करून घ्यायची?"

"कल्हई."

"तेच. बोटीच्या वायरीतल्या प्रत्येक तारेला कथलाचा मुलामा असतो. चांदीसारखी दिसते. हंडा कळकू नये म्हणून कल्हई, तार कळकू नये म्हणून कल्हई."

काका हसले. "मग कल्हईवाला गेला तशी ही वायरही गेली. मालवणात मिळते का? कुडाळ, कणकवलीला मिळते का? मंगळवारी भर समुद्रात तुटली तर मी मुंबईहून कुरिअर मागवू? मी वापरतो ती वायर मला कुठल्याही दुकानात मिळते, पक्कड आणि टेप असली की दहा मिनिटांत पंप चालू. माका दर्यो जा सांगता, ता मी करतंय."

हा त्यांचा खरा किल्ला होता आणि तो तसा भक्कम आहे. समुद्रावर दुरुस्त न करता येणारी उत्तम वस्तूही शेवटी ओझंच. महागड्या यॉटवर काचेच्या पडद्यावरून दिवे लावायची सोय असते आणि तो पडदा रुसला की मालक अंधारात बसतो, असं पुतणीनेच पुढे सांगितलं. तिने हा किल्ला समोरून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

"पंपाची वायर हंगामात किती वेळा तुटते?"

"दोनदा. तीनदा."

"दोन्ही वायरी तुटतात?"

काका थांबले. मग सावकाश म्हणाले, "नाही. एकच तुटते. नेहमी एकच. ऑटोमॅटिक स्विचकडे जाते ती. दोघी तिथल्या तिथे पाण्यात असतात, पण खाल्ली जाते ती एकच. मी म्हटलं, पीसच खराब निघतो."

तिचा चेहरा उजळला. कारण हे काकांनी स्वतः पाहिलं होतं, वर्षानुवर्षं, आणि ते बिनचूक होतं. "ती प्लस आहे. तिच्यात चोवीस तास करंट. सांधा बोटीच्या पोटातल्या खाऱ्या पाण्यात. तांब्याचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात काय करतात? प्लसला तांब्याची पट्टी टांगतात, ती झिजते आणि तांबं पाण्यात उतरतं. तुम्ही बोटीच्या तळाशी तोच कारखाना चालवताय. पीस कितीही बदला, प्लस खाल्लीच जाणार."

"आणि तुझी कल्हईची?"

"तीही खाल्ली जाईल. इथे कल्हई कामाची नाही. सांधा पाण्याच्या वर आणला पाहिजे, आणि आतून डिंक असलेली श्रिंक ट्यूब गरम करून त्यावर बसवली पाहिजे. दोन बोटं रुंद काम आहे."

मला या उत्तराचं कौतुक वाटलं. तिचा माल ती विकत नव्हती.

पावसाची एक सर येऊन गेली. ताडपत्रीच्या झोळीत साठलेलं पाणी काकांनी काठीने ढकललं आणि विषय त्यांच्या आवडीच्या ठिकाणी नेला: जाडी. "अडीचची वायर आहे ही. घरात गिझरला आम्ही चारची घालतो, दिव्यांना दीडची. बोटीवर साधा दिवा आहे. अडीच म्हणजे चैन झाली."

यावर पुतणीने क्रेटच्या फळीवर खडूने जो हिशेब मांडला तो मी उतरवून घेतला. बॅटरी मागे, झोताचा दिवा पुढे. वळणं धरून दहा मीटर जायचं, दहा मीटर यायचं. २० मीटर अडीचच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरच्या, तांब्याचा अडथळा साधारण ०.१४ ओहम. १२० वॅटचा दिवा घरातल्या २३० व्होल्टवर अर्धाच अँपिअर घेतो. वाटेत एका व्होल्टचा दहावा हिस्साही जात नाही. तोच १२० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतो आणि वाटेत १.४ व्होल्ट गळतात. म्हणजे बारातले साधारण साडेअकरा टक्के. घरात हा हिशेब कुणी करत नाही, कारण घरात तो करावा लागत नाही. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल १९५४ पासून बोटींचे नियम बनवते. तिच्या ई-११ या नियमावलीत दिशादर्शक दिवे, जीपीएस अशा गोष्टींसाठी ३ टक्के गळती चालते, केबिनच्या दिव्याला १० टक्के. या झोताला ३ टक्क्यांत बसवायचं तर दहाची वायर लागेल.

"दहाची!" काका उठूनच बसले. "एका दिव्याला बोटाएवढी वायर?"

"हो."

"मी एलईडी लावला तर?"

ती थबकली. "किती वॅटचा?"

"पंचवीस."

"मग... दोन अँपिअर. अडीचची चालेल. तीन टक्क्यांत बसते."

"बघ," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "माप आमच्याही हातात असतं."

ती मनापासून हसली आणि पंपाकडे वळली, कारण पंपाला एलईडी नसतो. मोटर कमी व्होल्टवर हळू फिरते, पाणी कमी फेकते, आणि पंपाची गरज लागते तेव्हा नेमकी इंजिन बंद पडून बॅटरी उतरत असण्याची शक्यता असते. त्यात पात्यात प्लास्टिकची पिशवी किंवा काथ्याचा तुकडा अडकून मोटर जाम झाली, तर ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तिथे फ्यूज उडाला पाहिजे.

"फ्यूज कुठे आहे, काका?"

काकांनी एक काळी डबी दाखवली. तिच्यात फ्यूजच्या जागी वायरची एक तार पिळून बसवली होती.

यावर जे मौन पसरलं ते मला ओळखीचं होतं. आमच्या घरी किटकॅट फ्यूजमध्ये वडील अशीच जाड तार घालायचे; दिवाळीत उगाच अंधार नको म्हणून. काकांचं कारणही दिवाळीचंच होतं. "बोट भरून माणसं, पोरं रडतायत, आणि फ्यूज उडतो. एकदा, दोनदा, तीनदा. गिऱ्हाइकासमोर किती वेळा उघडून बसू?"

"फ्यूज पंपाला वाचवत नाही, काका. वायरला वाचवतो. पंप जळला तर पंप जातो. वायर तापली तर तिच्या बाजूचं फायबर पेटतं. आणि त्या फळीखाली पेट्रोलची टाकी असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, तळाशी बसून राहते."

"टाकी मी रोज बाहेर काढतो."

"रोज?"

"...बहुतेक रोज."

त्याच ई-११चा नियम असा आहे की बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज हवा. वीतभरसुद्धा नाही. कारण फ्यूजच्या अलीकडचा तुकडा उघडा पडला तर त्याला थांबवणारं कुणीच नसतं, आणि साधी गाडीची बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर सोडते. वायर जाड नळीत घातली तर हे अंतर वाढवता येतं, तिने जोडलं.

काकांनी मान हलवत ऐकलं आणि मग बोट ठेवलं ते इंजिनाच्या सेलच्या वायरवर. अंगठ्याएवढी जाड. "हिला कितीचा फ्यूज?"

"हिला... नियमात सूट आहे. सेल मारताना करंट इतका येतो की..."

"म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वायरीला फ्यूजच नाही."

"नाही. म्हणून ती छोटी ठेवायची, घासू द्यायची नाही, दर दीड फुटाला बांधायची."

"आणि रोज हात लावून बघायची," काका म्हणाले. त्यांनी ती वायर मुठीत धरली. जशी एखाद्याची नाडी बघावी. "मी बघतो."

इथवर दोघंही मला बरोबरीत दिसत होती. पारडं झुकलं ते सांध्यावर, आणि झुकवलं काकांच्याच प्रश्नाने.

त्यांचा सांधा म्हणजे पिळा, वर डाख, वर काळी टेप. पिळा घट्ट असतो यात शंका नाही. त्यांच्या बोटांत पकडीची ताकद आहे. पुतणीचं म्हणणं, डाख तारांमध्ये झिरपतो आणि वायर तेवढ्या भागात काठीसारखी ताठ होते. बोट हादरते, लाट आपटते, आणि ताठ भाग संपतो तिथे तार तुटते. म्हणून डाखाच्या एकट्याच्या भरवशावर सांधा धरायचा नाही. थिंबल घ्यायचं, खटकेवाल्या क्रिंपिंगच्या पकडीने दाबायचं आणि ओढून बघायचं. टेपबद्दल तिने काही सांगायची गरज नव्हती. टेप सुटून डिंकाचं काळं लोणचं झालं होतं.

"सांधा सैल झाला तर काय होतं? दिवा मिणमिणतो. मला कळतं," काका म्हणाले.

"दिवा मिणमिणण्याआधी सांधा तापतो. समजा ०.१ ओहमचा अडथळा झाला. इन्व्हर्टरच्या वायरमधून २० अँपिअर जातायत. त्या एका सांध्यात ४० वॅट उष्णता. तुमची डाख द्यायची इस्त्री किती वॅटची?"

"पंचवीस."

"तिने कथील वितळतं."

काका गप्प. मग: "आणि तुझा फ्यूज तेव्हा काय करतो?"

"काही नाही. २० अँपिअर हा नेहमीचाच करंट आहे. फ्यूजला काही कळत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. फ्यूज, जाडी, कल्हई सगळं करूनही सांधा वाईट असेल तर बोट पेटू शकते. म्हणून मी सांध्यावरून भांडतेय."

फ्यूजची बाजू घेऊन तासभर भांडलेल्या मुलीने फ्यूजची मर्यादा इतक्या सरळ सांगितली, त्याचा काकांवर काहीतरी परिणाम झाला. त्यांनी इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी स्वतः कापून दिल्या. एका सांध्यावरची टेप आतून करपलेली निघाली.

इन्व्हर्टर कशाला, असं मी मध्येच विचारलं. मोबाइल चार्जिंगला. आठ खाचांचा बोर्ड, पर्यटकांच्या सोयीसाठी, शिवाय स्नॉर्केलिंगच्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या. तेव्हा पुतणीने कॅलिफोर्नियातल्या 'कन्सेप्शन' या डायव्हिंगच्या बोटीचं सांगितलं. २ सप्टेंबर २०१९, पहाटे. सांताक्रूझ बेटाजवळ नांगर टाकलेला, खालच्या मजल्यावर बंक, माणसं झोपलेली. वरच्या दालनात फोन, टॉर्च, कॅमेऱ्यांच्या लिथियम बॅटऱ्या चार्जिंगला लावल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं. आग लागली, ३४ जण गेले.

"वायरिंगमुळे?"

"नक्की कशामुळे ते सिद्ध झालं नाही. बोट जळून बुडाली."

"मग मला कशाला सांगतेस?"

"जे सिद्ध झालं ते सांगते. रात्री फेरी मारायला कुणीही जागं नव्हतं. नियम होता तरी."

काकांनी ते बराच वेळ मनात घोळवलं. "म्हणजे राखण नव्हती," ते म्हणाले. "मग मी सकाळपासून काय सांगतोय? आधी माणूस, मग वायर."

ती काही म्हणाली नाही, आणि माझ्या मते म्हणण्यासारखं नव्हतंच. बोर्ड मात्र काकांनी आपणहून काढायला लावला, आणि त्याच्यासोबत इन्व्हर्टरही. इन्व्हर्टर गेला म्हणजे बोटीवर २३० व्होल्ट उरलेच नाहीत. खाडीत एसी लावून उभ्या राहणाऱ्या हाउसबोटींना ती चैन नाही. तिथे ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच, विशेषतः पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं तेव्हा. समुद्राच्या पाण्यातून वीज माणसाला वळसा घालून जाते, कारण ते पाणी त्याच्यापेक्षा चांगला वाहक. गोड्या पाण्यात उलट. तिथे पोहणाऱ्याचं अंगच तिला सोपी वाट वाटते. हे ऐकल्यापासून मी हाउसबोटीच्या शिडीवरून पाय पाण्यात सोडताना विचार करतो.

बोर्ड गेला, मागचे शोभेचे दिवे गेले, एक बंद पडलेला भोंगा गेला. झाकणाखाली आता चार गोष्टींच्या वायरी उरणार होत्या. काकांचं 'जेवढं कमी तेवढं बरं' आणि तिचं 'जेवढं आहे तेवढं नीट' हे शेवटी एकाच जागी येऊन टेकलं, तरी दोघांपैकी कुणीही तसं म्हणालं नाही. गाण्यांच्या वायरवरून शेवटपर्यंत जमलं नाही. "तिथे माझा पिळा राहू दे," काका म्हणाले. "गाणी बंद पडली म्हणून कुणी बुडत नाही. काही जण वाचतील."

मग रंग. अमेरिकेत घरातली काळी वायर करंटची, आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. तिकडे घोटाळा होऊ नये म्हणून बोटीवर १२ व्होल्टच्या मायनसला पिवळी घालतात. "म्हणजे जगातही एक रंग नाही," काका म्हणाले. "मग माझा लाल काय वाईट?"

"रंग कुठलाही असू दे, दोन्ही टोकांना नाव हवं. मार्चमध्ये तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस बोट कोण नेत होतं?"

सकाळचा तो सोडून दिलेला प्रश्न तिने जपून ठेवला होता. काकांचा मुलगा तिथेच जाळं आवरत होता, तो मान वर न करता म्हणाला, "एकदा पंप बंद पडलेला. आम्ही डब्याने उपसलं. सांगितलं नाही तुम्हाला."

काकांनी चष्मा पुसला. "लिही," ते पुतणीला म्हणाले. तिने पिशवीतून प्लास्टिकच्या चिठ्ठ्या आणि मार्कर काढला. काका एकेक वायर धरायचे, डोळे मिटून सांगायचे, ती लिहायची. पंप, प्लस. पंप, मायनस. डावा दिवा, लाल. उजवा दिवा, हिरवा. जीपीएस. गाणी. एकदाही चुकले नाहीत. मुलगा दुसऱ्या टोकाला जाऊन खात्री करत होता आणि प्रत्येक वेळी "बरोबर" म्हणून ओरडत होता.

सातवी वायर धरून ते थांबले. ओढली. दुसरीकडे काही हललं नाही. पुन्हा ओढली. ती बॅटरीच्या मागून निघत होती, फळीखालून पुढे गेली होती आणि टोक कुठे होतं ते तिघांनाही सापडेना.

"ही माझी नाही," काका म्हणाले.

पुतणीने टेस्टर लावला. दिवा पेटला.

मार्कर उघडून ती वाट बघत उभी होती. बाहेर पाऊस थांबला होता. काकांनी वायर सोडली नाही, आणि चिठ्ठीवर काय लिहायचं तेही सांगितलं नाही.